फवारणाऱ्या हातांचे प्रशिक्षण
(नागपूर जिल्हा बैठकीतील भाषण)



पोरगा बारावी झाला आणि घरी बसला, ही आता घरोघरची गोष्ट आहे. सरकार म्हणते, आम्ही त्याला काम शिकवतो. 1979 मध्ये 'ट्रायसेम' आली, 1999 मध्ये दुसऱ्या योजनेत विरघळली. 2015 मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. 2024 मध्ये राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली. बारावीवाल्याला महिना 6,000 रुपये, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000. मुदत सहा महिने. 2025 मध्ये आणखी पाच महिने वाढवली. त्यानंतर नोकरीची हमी नाही.

हे पैसे घेऊ नका, असे आम्ही म्हणणार नाही. कोरडवाहू घरात सहा हजारांत किराणा भरतो. पण पोरगा शिकतो कुठे? सरकारी कार्यालयात, नाही तर भविष्य निर्वाह निधी, ईएसआयसी, जीएसटीची नोंद असलेल्या कारखान्यात. दहा एकर पऱ्हाटीवाल्याकडे यातले काय आहे? म्हणजे जिथे सर्वांत जास्त हात राबतात, ते शेत सरकारच्या लेखी काम शिकण्याची जागाच नाही!

आता फवारणी घ्या. औषधाचे प्रमाण, नोझल, वाऱ्याची दिशा, कोणते औषध कशात मिसळायचे नाही, हे आम्ही कृषी महाविद्यालयात वर्षभर शिकलो. इथे पंप पाठीवर चढवला की माणूस तयार समजतात. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, फवारा तोंडावर येणारा. मागाहून मास्क आणि हातमोजे वाटले. वर 'शेतकरी ते घालत नाही' हा ठपका. भादव्याच्या उकाड्यात बोलणाऱ्यांनी ते तासभर घालून दाखवावेत.

आमचे मागणे सरळ आहे. कार्यालयात फायली लावायला शिकणाऱ्याला सरकार पैसे देते, तर फवारणी शिकणाऱ्यालाही त्या दिवसांची मजुरी द्यावी. प्रशिक्षण पोळ्याच्या आधी, गावात, उभ्या पिकात व्हावे. शिकवायला माणसे कमी नाहीत. केंद्रीय कापूस संशोधन संस्था 1976 पासून नागपुरातच आहे, कृषी विज्ञान केंद्रे आहेत. आणि शिकलेल्या गड्याचा रोज वाढला पाहिजे, नाही तर तो कागद चुलीत घालायच्या कामाचा.

पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावात फवारणी कोण करतो, त्याची यादी करा. पाणी वाहणाऱ्या, औषध कालवणाऱ्या बायांची नावे त्यात सोडू नका. याद्या घेऊन आपण सगळे जिल्हाधिकारी कचेरीवर जाऊ.