कमाई आणि विद्या



वैशाखाच्या उन्हाने दिवसभर अंगाची काहिली झाल्यावर नागपूरकर सायंकाळी व्याख्यान ऐकावयास जमतात, ही गोष्ट वक्त्याची जबाबदारी वाढविणारी आहे. म्हणून प्रास्ताविकात वेळ न दवडता आम्ही विषयालाच हात घालतो.

गरीब विद्यार्थ्याने काम करून शिकावे की नाही, असा वाद अनेकदा घातला जातो. आमच्या मते तो वाद व्यर्थ आहे. तो काम करतोच. दिवसा सीताबर्डीच्या दुकानात कापडाचे गठ्ठे उचलणारा, पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा, रात्री मोबाईलवर मागविलेले जेवण घरोघर पोचविणारा मुलगा पुष्कळदा कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयाच्या पटावर असतो. खरा प्रश्न वेगळाच आहे. हे काम त्याला त्याच्या विद्येकडे नेते, की विद्येपासून दूर ओढते?

आपल्याकडे गरिबाने शिकण्याची जुनी रीत म्हणजे माधुकरी आणि वार लावून जेवणे. त्या रीतीने अनेक विद्वान घडले, हे खरे. परंतु तिला दोन मर्यादा होत्या. एक तर ती मुख्यतः एकाच वर्णाच्या मुलांना खुली होती. दुसरे, घेणाऱ्याच्या मनावर उपकाराचे ओझे राही. ह्या दोन्ही मर्यादा मोडण्याचे मोठे काम साताऱ्यास झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवत आणि एकाच शेतात राबत. स्वयंपाक, दळण, शेती, बांधकाम, सारे मुलेच करीत. घरात धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांची पोटे भरली. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते ह्या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोचले. पुढे महाराष्ट्रातील विद्यापीठांनीही त्याच नावाच्या योजना काढल्या.

साताऱ्याच्या प्रयोगाचे मर्म आमच्या मते मजुरीत नव्हते. तेथे काम सर्वांना होते, म्हणून कामाची लाज कोणालाच नव्हती. आज एखाद्या महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’च्या मुलांना बागेत खुरपणी करावयास लावतात आणि त्यांचे सोबती व्हरांड्यातून ती पाहत उभे राहतात. अशा वेळी सूत्र तेच राहते, पण त्यातील जीव निघून जातो.

आपल्यापासून तीन-साडेतीन तपांच्या नव्हे, अवघ्या दोन तासांच्या अंतरावर ह्याच प्रश्नाचा दुसऱ्या बाजूने विचार झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योग हे शिक्षणाचे माध्यम व्हावे आणि त्या उद्योगातून शाळेचा खर्च शक्यतो निघावा, ही कल्पना तेथे मांडली गेली. ती शालेय मुलांसाठी होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आपल्या अहवालातच जो इशारा दिला, तो महाविद्यालयांनाही लागू पडतो. पैशाच्या बाजूवर भर देता देता शिक्षणाचा मूळ हेतूच बळी पडण्याचा धोका आहे, असे समितीने बजावले होते. सूत किती निघाले हे मोजणारा शिक्षक मूल किती शिकले हे मोजावयाचे विसरतो. आज कचेरीतला कारकून नेमण्याऐवजी दोन गरजू विद्यार्थी थोडक्या पैशात बसविणारी संस्था हीच चूक करीत असते.

काम आणि विद्या एकमेकांना पूरक कशी होतात, ह्याचे एक उदाहरण आपल्या दीक्षाभूमीच्या नगरीत सांगणे उचितच आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगारातून काटकसरीने शिल्लक टाकली, शाहू महाराजांचे आणि मित्राचे साहाय्य घेतले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. जो विषय शिकावयाचा, तोच शिकवून त्यांनी पैसा जोडला. अशी संधी सर्वांना मिळत नाही. परंतु ती अधिकांना मिळेल अशी व्यवस्था करता येते.

अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठाने १९०६ साली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात पाठविण्यास आरंभ केला. १९६४ सालच्या कायद्याने तेथील सरकार विद्यार्थ्यांच्या अशा वेतनाचा मोठा वाटा उचलू लागले. काम शक्य तितके विद्यार्थ्याच्या अभ्यासाला पूरक असावे आणि मोबदला किमान वेतनाहून कमी नसावा, अशी त्यांची नियमावली आहे. तेथेही पुष्कळांच्या वाट्याला उपाहारगृहातील कामच येते. पण ध्येय निदान कायद्यात लिहिलेले आहे.

आपल्याकडे १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. त्यान्वये उमेदवारास विद्यावेतन द्यावेच लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपही आली. ह्या इंटर्नशिपविषयी मात्र आम्हांस काळजी वाटते. ती पुष्कळ ठिकाणी बिनपगारी असते. ज्याच्या घरी दोन वेळची चूल निश्चिंत आहे, तो महिना-दोन महिने फुकट राबून अनुभव गाठी बांधतो. गडचिरोली-भंडाऱ्याहून आलेला मुलगा मात्र खोलीचे भाडे भरण्यासाठी दुकान सोडू शकत नाही. एकाला अनुभव, दुसऱ्याला नुसती मजुरी. अशाने ज्या व्यवस्थेने दरी बुजवावयाची, तीच दरी रुंद करील.

मग काय करावे? नागपूर ह्या बाबतीत दरिद्री नाही. कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांच्या दानातून उपयोजित विज्ञानाची संस्था येथे १९४२ साली उभी राहिली. पाणी आणि हवा तपासणारी नीरी येथे आहे, संत्र्याचे आणि कापसाचे संशोधन येथे चालते. उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, कळमन्याची बाजारपेठ आहे, बुटीबोरीचे कारखाने आहेत, १८६३ पासूनचा अजब बंगला आहे. रसायनाच्या मुलाने पाण्याचे नमुने तपासावे, वाणिज्याच्या मुलीने आडत्याचे हिशेब पाहावे, इतिहासाच्या विद्यार्थ्याने संग्रहालयातील वस्तूंच्या नोंदी कराव्या, आणि त्याबद्दल प्रत्येकास रोख मोबदला मिळावा. हे अशक्य कोटीतले नाही.

त्यास काही अटी मात्र हव्यात. परीक्षेच्या दिवसांत काम थांबावे आणि एरवीही त्याचे तास ठरलेले असावेत. पैसा महिन्याच्या महिन्याला हाती पडावा, वर्षअखेर मिळणाऱ्या पैशाने खानावळीचे बिल भागत नाही. कामावर एका प्राध्यापकाची देखरेख असावी आणि विद्यार्थी काय शिकला, हे त्याने विचारावे. शिवाय अशी कामे सधन मुलांनीही करावीत, म्हणजे त्यांवर गरिबीचा शिक्का बसणार नाही. ‘विद्यार्थी राबले तर इतरांची रोजी जाईल’, हा आक्षेप खोटा नाही. म्हणून नेहमीच्या नोकराची जागा विद्यार्थ्याने कधीही भरू नये, हाही दंडक असावा.

एवढे केले तरी शिष्यवृत्तीची गरज सरत नाही, हे आम्ही आवर्जून सांगतो. काम हे शिष्यवृत्तीला पर्याय म्हणून पुढे करणे म्हणजे सरकारने आपले कर्तव्य मुलांच्या खांद्यावर टाकणे होय.

श्रोतेहो, आपल्यात व्यापारी आहेत, वकील आहेत, कारखानदार आहेत. येत्या जून महिन्यात महाविद्यालये उघडतील. आपल्या पेढीत, कचेरीत वा प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याला त्याच्या विषयाचे, पूर्ण मोबदल्याचे काम देता येईल काय, एवढा विचार घरी जाताना करावा, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.