कुठं कामाला गेला होतास?

परिषदेचे अध्यक्ष, व्यासपीठावरची डॉक्टर मंडळी, निपाणी, खानापूर, कागलाकडून आलेल्या आशाताई, आणि सकाळच्या धारा उरकून आलेले माझे गावकरी,

कोगनोळीचं नाव पाहुण्यांना हायवेच्या टोलनाक्यामुळं ठाऊक. कोविडात तर ते रोज पेपरात यायचं. राज्याच्या हद्दीवर कोविडचा रिपोर्ट दाखवा, नसला तर आल्या वाटेनं माघारी. आज तुम्हाला कुणी अडवलं असेल तर ते आमच्या पोरांनी, चहासाठी.

मी डॉक्टर नाही, तंबाखू-उसाचा शेतकरी. मांडव माझ्या वावरात पडला म्हणून स्वागताध्यक्ष झालो. गोचीड-डासांनी पसरणाऱ्या तापांतली माझी शिदोरी म्हणजे आमची आजी. दुपारी ती म्हशीच्या कानातले गोचीड काढायची. एरंडीच्या बीएवढा फुगलेला, करडा गोचीड चिमटीत धरून ओढायचा आणि रॉकेलच्या वाटीत टाकायचा. गोचीड जनावराचा, माणसाला त्याचं काय, अशीच आमची समजूत. २०१६ साली दोडामार्गाकडं माकडं मरायला लागली, पाठोपाठ माणसं तापानं पडली, तेव्हा ती समजूत गेली. माकडताप म्हणतात त्याला. कानडीत मंगन कायिले. नाव माकडाचं झालं, पण ते बिचारंही गोचिडाचंच गिऱ्हाईक.

हा आजार पहिल्यांदा सापडला १९५७ साली, शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या रानात. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे तेव्हाचे संचालक टेलफर्ड वर्क हे पेशानं डॉक्टर. माकडं मरताहेत म्हटल्यावर डासांचा पीतज्वर तर नाही ना, ही धास्ती होती. विषाणू निघाला रशियाकडच्या गोचीडतापाच्या भाऊबंदांतला. रुग्णाचं रक्त तपासून वर्क आणि त्यांची मंडळी थांबली नाहीत. रानात काय मरतंय आणि त्याच्या अंगावर काय चिकटलंय, तेही त्यांनी पाहिलं. प्रयोगशाळेतल्या माणसांनाही या तापानं सोडलं नाही.

माणसाला चावतं ते बहुतेक आजीच्या चिमटीतला फुगीर गोचीड नव्हे, त्याचं खसखशीएवढं पिल्लू. डिसेंबर ते मे त्यांचा जोर, आणि काजूचा हंगामही त्यातच. वाकून पाचोळ्यातली बी वेचणाऱ्या बाईला ते दिसणार तरी कसं? गोव्यातल्या सत्तरीच्या काजूबागांत राबणाऱ्यांना ही बाधा होते, हे पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांनी मांडलं. आपल्या भागातली माणसं हंगामाला तिकडं जातात. येताना मजुरी आणतात, कधी तापही.

असा अनोळखी ताप आला की पुढं काय होतं, ते मी घरात पाहिलंय. २००६ साली चिकुनगुन्या आला, तेव्हा वडिलांना तांब्या उचलवेना, उकिडवं बसता येईना. तीन दवाखाने फिरलो, तीन नावं ऐकली. हाच आजार १९७३ साली बार्शीत येऊन गेला होता. मग तीसेक वर्षं तो देशातून दिसेनासा झाला, नि डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीनं तो पाहिलाच नाही. त्यांना दोष काय द्यायचा?

पण माकडतापाचं तसं नाही. तो शेजारी येऊन बसलाय. म्हणून यजमानाच्या हक्कानं एक मागणं. केसपेपरावर नाव, वय, गाव असतं. त्याखाली हातानंच एक ओळ वाढवा: कुठं कामाला गेला होतास? खानापूरचा गडी हद्दीपलीकडं दोडामार्गात राबून आला आणि इथं तापला, तर रक्त कुठं पाठवायचं, हे त्या एका ओळीवर ठरेल. नाहीतर त्याला सलाईन लागेल, टायफॉइडच्या गोळ्या मिळतील, आणि दोन राज्यांतल्या कुठल्याच वहीत तो दिसणार नाही. आशाताई हे आधीपासून विचारतात. त्यांचं ऐकणारं कुणी पाहिजे.

जेवण साडेबाराला आहे, झुणका-भाकरी आणि खर्डा. हात धुवायचं पाणी मांडवामागच्या पिंपांत. पहाटे आशाताईंनी बॅटरी मारून सगळी पिंपं तपासली, दोनांत डासांच्या अळ्या वळवळत होत्या, ती तिथंच उपडी केली. दोन्ही माझ्या घरची होती.