उद्यानातील रात्रीचा बाजार कोणासाठी?



सार्वजनिक उद्यानात रात्रीचा खाद्यबाजार भरवावा, तेथे लोकांनी मुलाबाळांसह यावे, स्वच्छ आणि स्वस्त पदार्थ खावेत, ही कल्पना आज अनेक नगरपालिकांना आकर्षक वाटू लागली आहे. कल्पना चांगली आहे. समाजवादी कार्यकर्त्याने तिला चैनीची बाब समजून नाक मुरडण्याचे कारण नाही. एका खोलीत संसार करणाऱ्या श्रमिक कुटुंबाला दिवाणखाना नसतो. चार घटका एकत्र बसण्याची जागा त्याला उद्यानातच मिळते. हॉटेलाची पायरी ज्याला परवडत नाही, त्याची मेजवानी गाडीवरच्या भेळेची किंवा आम्लेट-पावाचीच असते. दिवसभर राबणाऱ्या स्त्रीची एका रात्रीपुरती चुलीपासून सुटका होते, हा लाभही लहान नव्हे. तेव्हा बाजार असावा की नसावा, हा वादाचा विषयच नाही. तो कोणाच्या हाती राहतो आणि कोणत्या अटींवर चालतो, याचा विचार केला पाहिजे.

या प्रश्नाची बहुतेक अंगे अहमदाबाद शहरात एकत्र पाहावयास मिळतात. तेथील माणेक चौकात दिवसा सराफ बाजार चालतो आणि दुकानांना कुलपे लागली की त्याच जागेवर खाण्याच्या गाड्या उभ्या राहतात. एकच भूमी वेळ वाटून घेऊन अनेकांची पोटे भरते. ही व्यवस्था कोणा वास्तुविशारदाने आखलेली नाही. गरजेतून आणि परस्परांच्या समजुतीतून ती घडत गेली. मात्र ती टिकविण्यासाठीही झगडावे लागले. १९७२ साली इला भट्ट यांनी स्थापन केलेल्या ‘सेवा’ या स्वयंरोजगारी स्त्रियांच्या संघटनेने याच चौकातील भाजीविक्रेत्या स्त्रियांचे गाऱ्हाणे १९८० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले होते.

त्याच शहरातील लॉ गार्डन या उद्यानालगत पुष्कळ वर्षे अशीच एक खाऊगल्ली भरत असे. २०१८ साली रहदारीच्या अडथळ्याचे कारण देऊन महानगरपालिकेने ती हटविली आणि २०२० मध्ये त्याच परिसरात ‘हॅपी स्ट्रीट’ या नावाने नवा, नेटका, रोषणाईचा खाद्यबाजार उघडला. तेथे गाड्यांच्या जागा मासिक भाड्याने दिल्या गेल्या. दिवे आले, फरसबंदी आली, बसावयास बाके आली; याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु भाड्याचे गणित कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे. समजा, एखाद्या गाडीला महिना ३०,००० रुपये भाडे पडले, तर दिवसाचे १,००० रुपये झाले. दिवसाला शंभर बशा विकल्या गेल्या, तर प्रत्येक बशीवर दहा रुपये केवळ जागेचे चढले. ते एकतर विक्रेत्याच्या मिळकतीतून जातात, नाहीतर खाणाऱ्याच्या खिशातून. म्हणजे भाडे वाढले की गरीब विक्रेता आणि गरीब गिऱ्हाईक दोघेही एकाच दाराने बाहेर पडतात, आणि त्यांना कोणी हाकलले असे कागदावर कोठेही दिसत नाही.

कांकरिया तलावाचे उदाहरण याहून बोलके आहे. २००८ मध्ये या तलावाच्या काठाचे नूतनीकरण झाले, भोवती कुंपण आले आणि आत जाण्यास तिकीट बसले. २०१८ मध्ये तेथील खाद्यविक्रीच्या जागेस देशातील पहिले ‘स्वच्छ पथखाद्य केंद्र’ म्हणून सरकारी प्रमाणपत्रही मिळाले. स्वच्छता साधता येते, हे यावरून सिद्ध झाले. परंतु पाच-सहा माणसांचे कुटुंब दारातच पैसे मोजून आत शिरते, तेव्हा सार्वजनिक या शब्दाचा अर्थ तेवढ्यापुरता आकसतो. शहराची जमीन आणि करदात्याचा पैसा, यांवर उभी राहिलेली जागा तिकिटाने विकणे हे लोकशाही नगरशासनाला शोभणारे नाही.

‘कुटुंबासाठी योग्य’ या शब्दप्रयोगाकडेही सावधपणे पाहिले पाहिजे. त्याचा अर्थ बायकामुलांना निर्धास्तपणे वावरता यावे, असा असेल तर तो शिरोधार्य आहे. पण २०२१ च्या नोव्हेंबरात गुजरातेतील काही महानगरपालिकांनी अंडी आणि मांसाहारी पदार्थांच्या गाड्या सार्वजनिक रस्त्यांवरून हटविण्यास आरंभ केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने अहमदाबाद महानगरपालिकेला, लोकांनी काय खावे हे तुम्ही कसे ठरविणार, अशा आशयाचा जाब विचारला. अंड्याची गाडी लावणारा आणि तेथे पोट भरणारा, दोघांनाही कुटुंबे असतात. एका वर्गाची सोवळ्याची कल्पना सर्वांच्या कुटुंबावर लादणे म्हणजे जुनी पंगतभेदाची प्रथा नगरपालिकेच्या ठरावातून पुन्हा जिवंत करणे होय.

या बाबतीत कायदा पथारीवाल्याच्या बाजूने आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. रस्त्यावर व्यवसाय करणे हा वाजवी निर्बंधांच्या अधीन असलेला मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सोदानसिंग खटल्यात दिला. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २०१४ साली, पथविक्रेत्यांचा कायदा झाला. सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे वाटली जाईपर्यंत कोणालाही उठविता येणार नाही, असे तो सांगतो. नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असेही तो बजावतो. पूर्वापार चालत आलेला बाजार ‘ना-फेरीवाला क्षेत्र’ म्हणून जाहीर करण्यास त्यात मनाई आहे. नुसती गर्दी होते एवढे कारणही त्यासाठी पुरत नाही. कायदा असा स्पष्ट असता व्यवहार उलटा चालतो, कारण कायद्याचा कागद गाडीवाल्याच्या हाती नसतो आणि अतिक्रमणविरोधी पथकाची मोटार मात्र दारात उभी असते.

रहिवाशांच्या तक्रारी खोट्या आहेत, असे मुळीच नाही. मध्यरात्रीपर्यंतचा गोंगाट, हिरवळीवर पडलेले द्रोण, झाडांच्या मुळाशी ओतलेले कढत तेल, तोंडाशी अडलेला रस्ता, हे सारे खरे असते. उद्यान हे प्रथम झाडांचे आणि मुलांचे आहे. म्हणून गाड्या हिरवळीवर न लावता कडेच्या फरसबंदीवर असाव्यात, बंद होण्याची वेळ ठरलेली असावी आणि ती पाळली जावी. मात्र नळ, कचऱ्याची व्यवस्था आणि शौचालय न देता अस्वच्छतेबद्दल विक्रेत्यालाच दंड करणे, हा न्याय नव्हे. रात्री अकरापर्यंत पोळ्या लाटणाऱ्या स्त्रीला जवळ शौचालय नसेल, तर तो बाजार तिच्या कुटुंबासाठी योग्य झाला असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांपुढे हे काम नवे नाही. कष्टकऱ्याला स्वस्त आणि सकस अन्न संघटनेच्या बळावर देता येते, हे पुण्याच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू करून दाखविले. आपापल्या गावी उद्यानात रात्रीच्या बाजाराची योजना येईल, तेव्हा कार्यकर्त्यांनी तिला विरोध न करता तिच्या अटी ठरवाव्यात. पहिल्या जागा तेथे आधीपासून धंदा करणाऱ्यांना मिळाव्यात. त्यांचा लिलाव होऊ नये आणि सगळा बाजार एका कंत्राटदाराकडे जाऊ नये. भाडे सफाई व दिवाबत्तीच्या खर्चापुरते असावे. प्रवेशास तिकीट नसावे. पदार्थांवर सोवळेओवळे नसावे. पाणी, शौचालय आणि विक्रेत्या स्त्रियांच्या मुलांसाठी निवाऱ्याची जागा ही योजनेची पहिली कलमे असावीत. आणि हे सारे नगर विक्रेता समितीच्या बैठकीत, विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींसमोर ठरावे.

त्यासाठी पहिले पाऊल साधे आहे. ज्या गावी समिती नाही तेथे ती मागावी, ज्या गावी आहे तेथे तिची बैठक शेवटची केव्हा झाली हे विचारावे, आणि उद्यानाबाहेर आज उभ्या असलेल्या गाड्यांची यादी नगरपालिकेच्या आधी संघटनेने तयार करावी.