बारीक माणसाला शुगर होत नाही?

आजचा एपिसोड मी दिग्रसहून रेकॉर्ड करतोय, आमच्या घराच्या मागच्या खोलीतून. मध्येच कुकरची शिट्टी ऐकू आली तर सांभाळून घ्या. आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज बोलायचंय मधुमेहावर. आमच्याकडे तसं कुणी म्हणत नाही म्हणा, "त्याले शुगर हाय" एवढंच म्हणतात.

दोन गोष्टी सांगतो. एक माझी, एक बाबांची. आणि हो, मी डॉक्टर नाही, इंजिनियर आहे. औषधाचं काही असेल तर आपल्या डॉक्टरांनाच विचारा.

आधी माझी. वय २८, वजन ६२ किलो, उंची पाच फूट सात इंच. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं एचबीएवनसी आलं ६.१. ही टेस्ट म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. बोटाला सुई टोचून जो आकडा मिळतो तो त्या क्षणाचा असतो, हा मात्र पूर्ण तिमाहीचा. ५.७ च्या खाली असेल तर नॉर्मल. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटीस, उंबरठ्यावर. ६.५ किंवा जास्त म्हणजे डायबेटीस.

मला वाटलं, सॅम्पल अदलाबदल झालं असेल. मला तर पोटसुद्धा नाही! दुसरीकडे परत टेस्ट केली. आकडा तोच.

मग वाचायला लागलो आणि पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम सापडलं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्यावर दोघं सारखे, आतून मात्र वेगळे. यालाच 'थिन-फॅट इंडियन' म्हणतात. दिसायला बारीक, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाभोवती.

आणि हे जन्मापासून असतं. याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमध्ये गरोदर आया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं लहान होती, पण चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. आता बघा, जेवणानंतर रक्तातली साखर सगळ्यात जास्त कोण उचलतं? स्नायूच. ते कमी, वर दिवसभर खुर्चीत बसून काम. मग साखर रक्तातच फिरत राहते.

आता बाबांची गोष्ट. बाबा शेतकरी. शुगर निघाली तेव्हा म्हणाले, "मले काय होते? मी काय बसून खातो काय?" गोळ्या सुरू झाल्या, रिपोर्ट नॉर्मल आला आणि बाबांनी गोळ्या बंद केल्या. आम्हाला कुणाला सांगितलंही नाही. रिपोर्ट गोळीमुळे नॉर्मल होता, हे त्यांना कुणी समजावलं नव्हतं. मीही नाही.

दोन वर्षांनी शेतात पऱ्हाटीचं धसकट चपलेतून पायात घुसलं. बाबांना कळलंच नाही! आईला फरशीवर रक्त दिसलं, तेव्हा समजलं. साखर बरीच वर्षं जास्त राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. दुखत नाही, म्हणून माणूस बघत नाही. तोवर जखम चिघळली होती. एक बोट काढावं लागलं.

मी दिसायला ठीक होतो. बाबांना काही जाणवत नव्हतं. आम्ही दोघंही अंदाजावर चाललो होतो. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी प्रीडायबेटीसमध्ये आहेत. म्हणजे उंबरठ्यावरचे जास्त. आणि इथून मागे फिरता येतं. चेन्नईत अशाच लोकांवर अभ्यास झाला. नुसतं चालणं आणि खाणं सुधारलं, तर तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं. गॅरंटी नाही, पण फरक मोठा आहे.

मी काय बदललं? रात्री जेवलो की लगेच पंधरा मिनिटं चालतो. आठवड्यातून तीन दिवस उठाबशा आणि जोर. ताटात आधी भाजी आणि घट्ट वरण, मग पोळी, ती पण दोनच. दिवसाला पाच कप चहा प्यायचो, कपात दोन चमचे साखर. म्हणजे दिवसाला चाळीस ग्रॅमच्या वर साखर नुसत्या चहातून! आता दोन कप, बिनसाखरेचे. गूळ टाकून फसवणूक करू नका, तीही साखरच. आणि उपवासाची साबुदाणा उसळ म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्चच. सहा महिन्यांनी माझा आकडा ५.८ आला. अजून उंबरठ्यावरच आहे, पण तोंड आता बाहेरच्या बाजूला आहे.

तुम्ही काय करायचं? घरातला शिवणाचा टेप घ्या आणि कंबर मोजा. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या वर, बायकांची ८० च्या वर असेल, किंवा आई-बाबांपैकी कुणाला शुगर असेल, तर बारीक असलात तरी टेस्ट करून घ्या. तिशीच्या पुढच्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रात शुगर आणि बीपीची तपासणी मोफत असते. घरच्यांना घेऊन जा.

आणि ज्यांना शुगर आहे त्यांनी गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि किडनी तपासायची. पाय मात्र रोज बघायचे, तळवे आणि बोटांच्या बेचक्यासुद्धा.

तुमच्यापैकी बरेच जण पुण्या-मुंबईत आणि आई-बाबा गावाकडे. आज व्हिडिओ कॉल कराल तेव्हा कॅमेरा पायाकडे फिरवायला सांगा. मी पहिल्यांदा सांगितलं तर बाबा म्हणाले, "आता पायही फोनवर दाखवू काय?"

पण दाखवले. आता दर रविवारी न सांगता दाखवतात.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.