हुकुमाचे बायबल आणि घरचे बायबल
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेत दिलेले भाषण)



ज्युबिलीचा उत्सव म्हणजे परमेश्वराने केलेल्या उपकारांचे स्मरण होय. ह्या स्मरणात देवळाच्या जोडीला आपली शाळा व आपला धर्मशिक्षणाचा वर्ग ह्यांची आठवण होणे साहजिक आहे. कारण वाडवडिलांनी घाम गाळून देवळाच्या भिंती उभारल्या खऱ्या, परंतु त्या भिंतींच्या आत श्रद्धा जिवंत राहते ती मुलांच्या मुखाने. तेव्हा मुलांना पवित्र शास्त्र कोणी शिकवावे आणि कोणाच्या अधिकाराने शिकवावे, ह्या प्रश्नाचा विचार आज आपणांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. ह्या प्रश्नावर अमेरिकेत नुकताच मोठा वाद झाला. तो वाद दूरदेशीचा असला, तरी त्यातून निघणारा बोध आपल्या उंबरठ्याशी येऊन पोहोचतो, हे आपणांस पुढे दिसून येईल.

दिनांक २७ जून २०२४ रोजी ओक्लाहोमा राज्याच्या शिक्षणखात्याचे मुख्य अधिकारी रायन वॉल्टर्स ह्यांनी एक हुकूम काढला. सरकारी शाळांतील पाचवी ते बारावीच्या अभ्यासक्रमात बायबल व दहा आज्ञा ह्यांचा समावेश झालाच पाहिजे, प्रत्येक वर्गात बायबलची प्रत असली पाहिजे आणि शिक्षकांनी त्यातून शिकविले पाहिजे, असा त्याचा रोख होता. बायबल समजल्यावाचून अमेरिकेचा इतिहास व पाश्चात्त्य संस्कृती समजावयाची नाही, असे कारण देण्यात आले.

ही वार्ता ऐकून कित्येक भाविकांस आनंद झाला असेल, आणि त्यात नवल नाही. ज्या ग्रंथावर आपला जीव, तो प्रत्येक मुलाच्या हाती पडावा असे कोणास वाटणार नाही? शिवाय त्या कारणातही तथ्य आहे. इंग्रजी वाङ्मय, युरोपातील चित्रकला, अमेरिकेतील गुलामगिरीविरुद्धची चळवळ, ह्यांतील पुष्कळ गोष्टी बायबलच्या परिचयावाचून कळत नाहीत. तथापि कॅथलिक माणसाने हर्षाने टाळ्या पिटण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. सरकार देईल ते बायबल कोणते? आणि त्याचा अर्थ सांगणार कोण?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या सरकारनेच देऊन टाकले. त्याच वर्षाच्या शरदऋतूत ५५,००० प्रती विकत घेण्यासाठी त्याने निविदा मागविल्या. ग्रंथ किंग जेम्स भाषांतराचा असावा, आणि त्याच पुठ्ठ्यात अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा व राज्यघटना हीही बांधलेली असावीत, अशा अटी त्यांत होत्या. टीका झाल्यावर हे सर्व एकाच पुठ्ठ्यात बांधण्याची अट सैल करण्यात आली. परंतु राज्यघटना आणि परमेश्वराचे वचन एका दोऱ्यात शिवण्याची कल्पना ज्यास सुचते, त्यास ह्या दोहोंतील अंतर किती उमगले असेल, ह्याचा विचार आपणच करावा.

किंग जेम्स भाषांतर १६११ सालचे. त्याची भाषा भारदस्त आहे हे कोणीही मान्य करील. परंतु ते प्रॉटेस्टंट पंथाचे भाषांतर आहे, आणि आज सर्रास छापल्या जाणाऱ्या त्याच्या प्रतींत ६६ पुस्तके असतात. आपल्या पवित्र सभेच्या बायबलात पुस्तके ७३. तोबित, युदीथ, ज्ञानग्रंथ, बेन सिरा, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तके त्या प्रतींत सापडत नाहीत. मृतांसाठी प्रार्थना करण्याचा आधार आपण मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात दाखवितो. शाळेत दिलेल्या प्रतीत ते पुस्तक शोधून कॅथलिक मूल रिकाम्या हाताने परत येईल, आणि आपली आई खोटे तर सांगत नव्हती ना, अशी शंका त्याच्या मनात शिरेल.

दहा आज्ञांचीही तीच गोष्ट. आज्ञा त्याच, परंतु त्यांची मोजणी निराळी. पुष्कळ प्रॉटेस्टंट पंथ मूर्तीविषयीचे वचन दुसरी आज्ञा म्हणून वेगळे काढतात; आपण संत आगस्तीनच्या परंपरेप्रमाणे ते पहिल्या आज्ञेतच धरतो, आणि शेवटच्या लोभाच्या वचनाच्या दोन आज्ञा करतो. आपल्या देवळांतून संतांच्या प्रतिमा असतात; तेव्हा ती ‘दुसरी आज्ञा’ वर्गात मोठ्याने म्हणावयास लावणे ही निव्वळ आकड्यांची बाब राहत नाही.

हे आम्ही कल्पनेने रचून सांगत नाही. ह्याच प्रश्नापायी अमेरिकेतील कॅथलिकांचे रक्त सांडलेले आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील सरकारी शाळांतून किंग जेम्स बायबलचे वाचन रोज होत असे. आयर्लंडमधील दुष्काळाच्या व दारिद्र्याच्या तडाख्यातून सुटून आलेल्या गोरगरीब कॅथलिकांची मुले त्याच शाळांत जात. १८४२ साली फिलाडेल्फियाचे महागुरू फ्रान्सिस केनरिक ह्यांनी शाळाधिकाऱ्यांकडे अत्यंत मर्यादेने मागणी केली, की आमच्या मुलांना आमचे भाषांतर वाचू द्यावे व इतर धर्मविधींतून त्यांस मोकळीक असावी. ‘पोपचे लोक शाळेतून बायबल हाकलू पाहतात’ अशी हाकाटी विरोधकांनी केली. मे १८४४ मध्ये दंगल पेटली, माणसे ठार झाली, आणि ८ मे रोजी संत मायकल व संत आगस्तीन ह्यांची देवळे जमावाने जाळून टाकली. संत आगस्तीनच्या देवळाशेजारचा ग्रंथसंग्रहही त्यात भस्म झाला. बायबलच्या नावाने उठलेल्या जमावाने ग्रंथ जाळले! आणि ज्यांस बायबलचे शत्रू म्हणून हिणविले, त्याच केनरिक महाशयांनी पुढे कित्येक वर्षे खपून बायबलचे इंग्रजी भाषांतर सुधारून प्रसिद्ध केले.

दुसरी गोष्ट बॉस्टन शहराची. मार्च १८५९ मध्ये तेथील एलियट शाळेत टॉमस वॉल नावाच्या सुमारे दहा वर्षांच्या कॅथलिक मुलास दहा आज्ञा प्रॉटेस्टंट पाठाप्रमाणे म्हणावयास सांगितले. त्याने नकार दिला. शिक्षकाने त्याच्या हातांवर वेताचे फटके मारले, आणि ती शिक्षा सुमारे अर्धा तास चालली. त्यानंतर नकार देणाऱ्या शेकडो मुलांस शाळेतून घरी धाडण्यात आले. प्रकरण न्यायालयात गेले आणि शिक्षक निर्दोष सुटला. बंधूंनो, ज्या आज्ञा परमेश्वराने सीनाय पर्वतावर प्रीतीने दिल्या, त्या लहानग्याच्या सुजलेल्या तळहातावर वेताने लिहिण्याचा अधिकार कोणी कोणास दिला?

ह्या दुःखातून अमेरिकेतील कॅथलिकांनी दोन मार्ग काढले. पहिला कायद्याचा. विस्कॉन्सिन राज्यातील एजर्टन गावच्या कॅथलिक पालकांनी सरकारी शाळेतील किंग जेम्स बायबलच्या वाचनाविरुद्ध दाद मागितली, आणि १८९० साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असे वाचन हे एका पंथाचे शिक्षण ठरते, म्हणून ते बंद केले. दुसरा मार्ग कष्टाचा. १८८४ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या धर्मपरिषदेने प्रत्येक देवळाजवळ दोन वर्षांच्या आत शाळा काढावी असा निर्णय दिला. मजुरांच्या पैशांनी आणि धर्मभगिनींच्या सेवेने शाळा उभ्या राहिल्या, आणि १९६० नंतरच्या दशकात त्यांतील विद्यार्थ्यांची संख्या पन्नास लाखांवर गेली. आपला धर्म शिकवावा म्हणून त्यांनी सरकारच्या छडीची वाट पाहिली नाही. स्वतःची वीट स्वतः वाहिली.

पुढे १९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे पेन्सिल्व्हेनिया राज्याचा कायदा आला. शाळेच्या प्रत्येक दिवशी बायबलमधील निदान दहा वचने वाचलीच पाहिजेत, असा तो कायदा होता. न्यायालयाने तो रद्द केला. त्याच निकालात असेही म्हटले आहे, की वाङ्मय व इतिहास ह्यांचा भाग म्हणून बायबलचा निःपक्षपाती अभ्यास शाळेत करण्यास हरकत नाही. हा भेद आपण नीट ध्यानात धरावा. बायबलविषयी माहिती देणे निराळे, आणि बायबलवर श्रद्धा ठेवावयास शिकविणे निराळे. पहिले काम कोणताही सुजाण शिक्षक करू शकेल. दुसरे काम ज्याच्या ठायी ती श्रद्धा आहे, आणि ज्यास ते काम सोपविलेले आहे, त्यानेच करावयाचे आहे.

येथे आमचा दुसरा प्रश्न येतो. अर्थ सांगणार कोण? सरकारी शाळेतील शिक्षक ज्यू असेल, मुसलमान असेल, नास्तिक असेल, किंवा आपल्या पवित्र सभेस न मानणारा ख्रिस्ती असेल. नोकरी टिकावी म्हणून तो धडा घेईल. त्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर जुलूम होईल, आणि मुलाच्या पदरी काय पडेल? परीक्षेपुरते पाठ केलेले प्रभूचे वचन! पवित्र शास्त्र हे पवित्र परंपरेसह व पवित्र सभेच्या मार्गदर्शनाखाली वाचावयाचे असते, ही आपली शिकवण आहे. प्रेषितांच्या कृत्यांतील तो इथिओपियाचा अधिकारी आठवा. रथात बसून तो यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचीत होता, परंतु अर्थ लागेना. फिलिप जवळ आला. अधिकाऱ्याने त्यास विनवून रथात बसविले. मग फिलिपने अर्थ उलगडला. वाचणाऱ्याची ओढ होती आणि सांगणाऱ्याच्या अंतरी विश्वास होता. राजाचा हुकूम त्यात कोठेच नव्हता.

ओक्लाहोमात पुढे काय झाले तेही सांगतो. बत्तीस जणांनी, ज्यांत पालक, शिक्षक व ख्रिस्ती धर्मोपदेशकही होते, ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने प्रतींची खरेदी थांबविली. सप्टेंबर २०२५ मध्ये वॉल्टर्स ह्यांनी अधिकारपद सोडण्याचे जाहीर केले, आणि ऑक्टोबरात त्यांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांनी तो हुकूम मागे घेतला. एका अधिकाऱ्याच्या सहीने वर्गात आलेला ग्रंथ दुसऱ्या अधिकाऱ्याच्या सहीने बाहेर गेला. सरकारच्या आधाराने उभा केलेला धर्म सरकारबरोबरच डळमळतो, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण कोणते हवे?

आता आपल्या देशाकडे वळू. ह्या देशावर ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांचे राज्य होते, तेव्हाही हा वाद झाला होता. १८५४ च्या प्रसिद्ध शिक्षणविषयक खलित्यात कंपनी सरकारने ठरविले, की सरकारी शाळांच्या ग्रंथालयांत बायबल असावे, परंतु वर्गातील शिक्षण धर्मनिरपेक्ष असावे. विद्यार्थ्याने आपण होऊन विचारले तर शिक्षकाने शाळेच्या वेळेबाहेर सांगावे. आज आपल्या राज्यघटनेचे २८ वे कलम सांगते, की सर्वस्वी सरकारी पैशांवर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, आणि सरकारमान्य वा अनुदानित शाळेतही कोणास त्याच्या, किंवा तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवाचून धर्मशिक्षणास बसवावयाचे नाही. मार्च २०२२ मध्ये शेजारच्या गुजरात सरकारने सहावी ते बारावीच्या वर्गांत भगवद्गीतेतील तत्त्वे शिकविण्याचे जाहीर केले. गीता हा आपल्या देशबांधवांचा पूज्य ग्रंथ आहे, आणि तिच्याविषयी अनादराचा एक शब्दही आमच्या मुखातून निघणार नाही. परंतु सरकारी हुकुमाने बायबल शिकविले म्हणून ओक्लाहोमात आपण आनंद मानला, तर येथे आपल्या मुलावर दुसरा ग्रंथ लादला जाईल तेव्हा २८ व्या कलमाचा आधार आपण कोणत्या तोंडाने मागणार? जे माप आपण दुसऱ्यास लावतो, तेच आपल्या पदरी पडते, हे आपणांस आपल्या प्रभूनेच शिकविले आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हेच दोन सिद्धांत जगापुढे ठेविले: धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये, आणि मुलांचे आद्य व मुख्य शिक्षक म्हणजे त्यांचे आईबाप होत. ह्यातील दुसरा सिद्धांत ऐकावयास गोड, परंतु आचरावयास जड आहे. सरकारने शिकवू नये असे म्हणून आपण मोकळे झालो, आणि घरीही शिकविले नाही, तर मूल दोन्हीकडून उपाशी राहील. अमेरिकेतील त्या गरीब आयरिश आईबापांस आपल्या मुलांसाठी झगडण्याचा अधिकार होता, कारण घरी ते जपमाळ व धर्माचे धडे चुकू देत नसत.

आपल्या भाषेचे भाग्य असे, की १६१६ साली फादर टॉमस स्टीफन्स ह्यांनी ख्रिस्तपुराण रचून तारणाची कथा मराठी ओवीत आणिली. मूळचा इंग्रज हा येशूसंघीय धर्मगुरू. परंतु लोकांस गोडी लागावी म्हणून लोकांच्या बोलीला त्याने मान दिला. ते पुराण श्रोत्यांच्या मनात ठसले ते ओवीच्या माधुर्याने. आज तर मराठीत संपूर्ण बायबल हाताशी आहे. मग तो ग्रंथ काचेच्या कपाटात का राहावा? संध्याकाळी जपमाळेनंतर शुभवर्तमानातील पाच-दहा वचने घरातील एखाद्या मुलाने वाचावी, आजोबा-आजींनी त्यावर दोन शब्द सांगावे. येत्या रविवारच्या मिस्सेतील वाचन शनिवारी रात्री वाचून ठेवावे. धर्मशिक्षणाच्या वर्गास मुलांस वेळेवर धाडावे आणि जे तरुण-तरुणी तेथे विनावेतन शिकवितात त्यांस मान द्यावा. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१९ साली नेमून दिलेला देववचनाचा रविवार आपल्या धर्मग्रामात घरोघर पाळला जावा.

ह्या गोष्टींस ना कायदा लागतो, ना निविदा. ५५,००० प्रतींनी जे साधले नाही, ते एका घरातील एका प्रतीने साधेल, जर तिची पाने बोटांनी मळलेली असतील. पूर्वजांनी आपणांस देवळासह हा विश्वासाचा ठेवा सोपविला. तो पुढच्या ज्युबिलीपर्यंत आपल्या मुलाबाळांच्या मुखी व अंतःकरणी अखंड राहो, आणि धन्य कुमारी मारिया, जिने देवाचे वचन प्रथम आपल्या अंतःकरणात जपले, ती आपल्या प्रत्येक घरास तसे जपण्याची कृपा मिळवून देवो, इतकी प्रार्थना करून आम्ही हे भाषण पुरे करतो.