उजवी बाजू कधी येणार?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला दहा मिनिटं बोलायला सांगितलं, तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी नेहमीप्रमाणे नॉमिनेशन, मृत्युपत्र आणि मुदत ठेवीच्या व्याजावरचा टीडीएस यांवर बोलेन. गेली आठ-नऊ वर्षं मी तेच बोलतोय, आणि तरीही निम्म्या फ्लॅट्सचे नॉमिनेशन फॉर्म अजून ऑफिसात आलेले नाहीत. तेव्हा आज ते राहू दे. आज मी हॉटेलात जेवायला जाण्याविषयी बोलणार आहे. तेही एका वेगळ्याच तऱ्हेच्या हॉटेलाविषयी, जिथे पूर्ण ताट मिळतच नाही, सगळं लहान लहान बश्यांमधून येतं आणि टेबलावरच्या सगळ्यांनी मिळून खायचं असतं.

यात आमच्या सौभाग्यवतींच्या आजारपणाचा उल्लेख येणार आहे. त्यांची परवानगी घेतलेली आहे. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि मी काही चुकीचं सांगितलं तर तिथूनच दुरुस्त करतील.

आमच्या पिढीच्या डोक्यात बाहेरच्या जेवणाचं एकच माप होतं, ते म्हणजे पोटभर. मी १९७४ साली बँकेत लागलो आणि काही वर्षांनी लालबागच्या शाखेत बदली झाली. तेव्हा गिरण्या सुरू होत्या. गावाकडून एकटे आलेले कामगार दहा-दहाजण एका खोलीत राहायचे आणि आसपासच्या बायकांच्या खानावळीत महिन्याच्या बोलीवर जेवायचे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते याच खानावळवाल्या बायकांसाठी. सावकाराच्या कचाट्यातून सुटून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळू लागली. आमच्या शाखेत अशी प्रकरणं यायची. तारणाच्या रकान्यात लिहायला काही नसायचं, पण हप्ता चुकायचा नाही. पाहणीला गेलो की ती बाई जेवल्याशिवाय सोडायची नाही. तीन भाकऱ्या, कालवण, वर भात. आठ तास साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला त्याहून कमी घालून चालणारच नव्हतं. पैसे दिले की पोट भरलं पाहिजे, हे माझ्या मनात बसलं ते तिथेच. आणि आमच्या घरच्या समारंभांत तर त्याच्यावर आग्रह. पंगतीत पानावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडणारे वाढपी आपण सगळ्यांनी पाहिलेत.

आता मूळ गोष्टीकडे येतो. २०२१ साली आमच्या हिचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. जठराचा बराचसा भाग काढावा लागला. देवाच्या आणि डॉक्टरांच्या कृपेने प्रकृती आता ठणठणीत आहे, पण जेवणाचं गणित कायमचं बदललं. एका वेळी चार-सहा घास, दिवसातून सहा वेळा. जेवताना पाणी नाही. गोड अगदी जपून, कारण जास्त झालं की अर्ध्या तासात घाम सुटतो, छातीत धडधडतं आणि आडवंच व्हावं लागतं. हे आम्ही सोसायटीत फारसं कुणाला सांगितलं नव्हतं. हिला ते आवडत नव्हतं. गणपतीच्या महाप्रसादाला ही "मी आत्ताच घरी खाऊन आले" म्हणायची आणि वाढायला उभी राहायची. वाढणाऱ्या बाईला कोणी "तुम्ही जेवलात का" विचारत नाही, ही तिची युक्ती. दोन वर्षांपूर्वी एका वहिनींनी प्रेमाने दोन जिलब्या खायला लावल्या आणि पुढचे दोन तास ही क्लब हाऊसच्या मागच्या खोलीत पडून होती. त्या वहिनींचा काही दोष नाही. त्यांना माहीत असायला आम्ही सांगितलं कुठे होतं?

पण खरा दोष माझा आहे, तो सांगतो. ऑपरेशननंतर वर्षभराने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी हिला एका थाळीच्या हॉटेलात घेऊन गेलो. अमर्यादित थाळी, माणशी ४५० रुपये. भिंतीवर पाटी होती की एक थाळी दोघांत खाता येणार नाही. मी म्हटलं, हिच्यासाठी फक्त वाटीभर वरणभात द्या. ते म्हणाले, खुर्चीवर बसलात की थाळीचे पैसे. नियम त्यांचा बरोबरच होता, नाहीतर त्यांचा धंदा चालायचा नाही. बसलो. हिने अर्धी पुरी, दोन चमचे भात खाल्ला आणि थांबली. वाढपी एकामागून एक येताहेत, ही नको नको म्हणतेय, शेजारच्या टेबलावरची माणसं बघताहेत. आणि मी काय बोललो? "अगं, पूर्ण ४५० भरलेत, थोडं तरी खा."

ती काही बोलली नाही. आणखी अर्धी पुरी खाल्ली. त्यानंतर तीन वर्षं ती माझ्याबरोबर बाहेर जेवायला आली नाही. वाढदिवस आले, नातीचा दहावीचा निकाल आला. "तुम्ही जाऊन या, माझा आज उपास आहे." इतके उपास तिने आयुष्यात केले नव्हते.

यंदा जूनमध्ये तिला सत्तर पूर्ण झाली. चिरंजीव मध्यंतरी कंपनीच्या कामाने दोन वर्षं स्पेनला होते. त्यांनी आम्हाला न विचारता लोअर परळच्या एका हॉटेलात पाचजणांचं टेबल राखून ठेवलं. "आई, तिथे कोणी ताट वाढत नाही," एवढंच सांगितलं. जागा जुन्या गिरणीच्या आवारात. मी ज्या भागात खानावळींची कर्जप्रकरणं केली, तिथून चालत दहा मिनिटांवर! आत अंधार. मेनूकार्ड वाचायला नातीने मोबाईलचा दिवा धरला. पहिलीच ओळ: कोथिंबीर वडी, चार तुकडे, ३८० रुपये. म्हणजे एक वडी ९५ रुपयांना. माझा चेहरा बघून सूनबाई म्हणाल्या, "बाबा, आज उजवीकडचा रकाना वाचायचा नाही."

अशा हॉटेलात एक-एक पदार्थ तयार होईल तसा टेबलावर येतो. आधी सूप, मग भाजी-पोळी, मग भात असा क्रम नसतो. साधारण माणशी दोन-तीन बश्या धरायच्या, पण एकदम सगळं सांगायचं नाही. चार बश्या मागवाव्यात, खाव्यात, गप्पा माराव्यात, मग पुढच्या. चिरंजीव सांगत होते की स्पेनमध्ये याला तापास म्हणतात. तापा म्हणजे झाकण. पेल्यावर झाकण म्हणून पावाचा नाहीतर मांसाचा तुकडा ठेवायचे, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. ग्रानादा गावात अजूनही पेयाबरोबर अशी बशी फुकट येते. उत्तरेकडे बास्क प्रांतात पावाच्या तुकड्यावर पदार्थ रचून काडी टोचलेली असते आणि कित्येक ठिकाणी खाऊन झाल्यावर बशीतल्या काड्या मोजून बिल करतात. हे मला फार आवडलं. रोख मोजणीसारखंच झालं की. लेबनॉन-तुर्कस्तानात मेझे, चिनी लोकांत चहाबरोबरचं डिमसम, सगळे याच जातीचे प्रकार.

पहिल्या तीन बश्या आल्या. वडी, भाजलेल्या रताळ्यावर दही आणि ठेचा, एक वाटीभर कसलीशी कोशिंबीर. ही त्यांच्याकडे बघून म्हणाली, "अहो, ही तर सगळी डावी बाजूच वाढलीय. उजवी बाजू कधी येणार?"

टेबलावर हशा झाला. पण तिचं निरीक्षण अगदी खरं होतं. आपल्या पानाच्या डाव्या बाजूला चटणी, कोशिंबीर, लोणचं, पापड असं सगळं बोटभर बोटभर असतं, आणि जिभेची खरी मजा तिथेच असते. ती बाजू कोणी पोट भरायला खात नाही. तिथे कमी खाल्लं म्हणून कोणी टोकतही नाही.

मग पंचाईत आली. वड्या चार, माणसं पाच. चिरंजीव म्हणाले, स्पेनमध्ये बशीतल्या शेवटच्या तुकड्याला "लाजेचा" म्हणतात, कारण तो उचलायला सगळ्यांना लाज वाटते. आम्ही एकमेकांकडे बघतोय, तेवढ्यात हिने एक वडी उचलली, चमच्याने अर्धी केली, अर्धी नातीच्या बशीत घातली. हिशेब जुळला. पुढच्या बशीत चार छोटे टोस्ट आले, वर अंडं, चीज आणि हिरवी मिरची. त्याला एग केजरीवाल म्हणतात. मी म्हटलं, हे राजकारण इथे कुठे? तर कळलं की पदार्थ मुंबईच्या विलिंग्डन क्लबातला, जुना आहे, आणि दिल्लीच्या साहेबांशी त्याचा काही संबंध नाही. तोही तसाच, अर्धा आजीचा, अर्धा नातीचा. डॉक्टरांनी हिला अंडी खायला सांगितलीच होती.

अकरा बश्या झाल्या त्या संध्याकाळी. अकराच्या अकरा बश्यांतलं हिने खाल्लं. एक घास, अर्धा घास, पण खाल्लं. मध्ये वीस वीस मिनिटं जात होती, तेवढा वेळ तिच्या पोटाला मिळत होता. कोण किती खातंय ते कोणी पाहत नव्हतं, कारण कुणाच्या पुढ्यात ताटच नव्हतं. पाणी का पीत नाही असं वेटरने विचारलं नाही. उष्ट्याची शंका आली तेव्हा हिने प्रत्येक बशीला वेगळा चमचा मागितला, त्या मुलाने लगेच आणून दिला. आम्ही सव्वादोन तास बसलो. ऑपरेशननंतर ही इतका वेळ जेवणाच्या टेबलावर बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. शेवटी केकऐवजी एक चमचा खरवस मागवला. तो मात्र तिने एकटीने खाल्ला आणि तिला काही झालं नाही.

आता बिल. शेवटी मी बँकेतला माणूस. पदार्थांचे ६,८४० रुपये, त्यावर दहा टक्के सेवा शुल्क, आणि दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी. चिरंजीव कार्ड पुढे करत होते, मी थांबवलं. सेवा शुल्क बिलात आपोआप लावू नये अशा सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढल्या आहेत. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या, पण मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. हे मी मॅनेजरना शांतपणे सांगितलं, त्यांनी काही न बोलता ते काढलं. ७,१८२ रुपये झाले. चिरंजीव खाली मान घालून बसले होते. मग चमचे आणून देणाऱ्या त्या मुलाच्या हातात मी पाचशेची नोट ठेवली. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, म्हणजे वाचवले किती?" मी तो हिशेब त्यांना दिलेला नाही.

या हॉटेलांचं मी कौतुक करतोय असं समजू नका. आवाज फार असतो. ऐकायचं यंत्र लावणाऱ्यांनी कोपऱ्यातलं टेबल मागावं आणि संध्याकाळी सातलाच जावं, तेव्हा गर्दी कमी असते. उंच स्टुलांवर आपले पाय लोंबकळतात, म्हणून पाठ असलेली खुर्ची आहे का ते फोनवरच विचारावं. तरुण, भुकेलेल्या माणसाचं तिथे काही खरं नाही. चिरंजीवांनी घरी आल्यावर फ्रीजमधला दहीभात खाल्ला, मी पाहिलं. आणि पाचजणांत सात हजार हा काही दर महिन्याचा खर्च नव्हे. गाडीत मी माणशी १,४३६ रुपये पडले असं म्हणणार होतो. तेवढ्यात ही मागच्या सीटवरून नातीला सांगायला लागली की रताळ्यावर ठेचा हे आपण घरी करू, फक्त लसूण कमी घालू. मग मी गप्प बसलो.

त्यानंतर तिनेच मला सांगितलं की आता सोसायटीत सांगून टाका, लपवायचा कंटाळा आला. म्हणून आज हे सांगतोय. आणि ते सांगितल्यावर गेल्या आठवड्यात असं कळलं की डी विंगमधल्या एका काकांना मधुमेहामुळे, एका ताईंना कवळीमुळे आणि आणखी दोघांना असंच काही ना काही असल्यामुळे पंगतीला बसणं नकोसं होतं. तेही "खाऊन आलो" गटातलेच निघाले.

तेव्हा महोत्सव समितीला माझी एक लेखी विनंती गेलेली आहे. रौप्यमहोत्सवाच्या जेवणात एका टेबलावर सगळे पदार्थ चटणीच्या वाट्यांमधून ठेवावेत. ज्याला जे हवं ते उचलावं, खुर्चीवर बसून सावकाश खावं, आणि त्या टेबलापाशी कोणीही, अगदी अध्यक्षांनीही, आग्रह करू नये. सेक्रेटरीसाहेबांची अडचण अशी की केटरर ताटं मोजून पैसे घेतो, वाट्यांचा हिशेब कसा करायचा? त्यांना मी सांगितलं आहे की आमच्या दोघांची पूर्ण दोन ताटं धरा.

येत्या मार्चमध्ये मला पंचाहत्तर पूर्ण होतील. कुठे जायचं ते हिने ठरवून ठेवलंय, मला अजून सांगितलेलं नाही. स्टुलं उंच नकोत, एवढं मात्र मी कळवून ठेवलं आहे.