सेवेलाही पुढारीपण हवें

ज्यांच्या बुद्धीची, वाचेची किंवा अवयवांची वाढ बालपणींच कांहीं कारणानें अडखळते, अशीं माणसें आपणां सर्वांच्या परिचयाचीं असतात. कोणाच्या आप्तांत, कोणाच्या शेजारीं, तर कोणाच्या स्वतःच्याच घरांत तीं आहेत. मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता अशीं निरनिराळीं नांवें या स्थितींस दिलेलीं आहेत, आणि या सर्वांस मिळून विकासात्मक अक्षमता असें म्हणतात. मी आज बोलणार आहें तें मात्र मुख्यतः या व्यक्तींविषयीं नव्हे, तर त्यांना साहाय्य करणें हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांच्याविषयीं. म्हणजे डॉक्टर, परिचारिका, विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, वसतिगृहांतील सेवक आणि संस्थांचे चालक यांच्याविषयीं. या लोकांना त्यांच्या विद्येखेरीज नेतृत्वाचेंही शिक्षण दिलें पाहिजे, असा एक विचार गेल्या साठ वर्षांत बळावत आला आहे. हा विचार कोठून निघाला, त्यांत तथ्य किती, आणि आपल्याकडे त्याचा उपयोग काय, हें थोडक्यांत सांगण्याचा माझा हेतु आहे.

पहिल्यानेंच एक शंका येते. सेवेच्या क्षेत्रांत पुढारीपणाचें काय काम? मन दयाळू असावें आणि हातांत कसब असावें, एवढें पुरे नाहीं काय? या शंकेचें उत्तर तर्कानें देण्यापेक्षां इतिहासानें दिलेलें बरें.

न्यूयॉर्क शहरांत स्टेटन बेटावर विलोब्रुक नांवाची एक सरकारी संस्था होती. सुमारें ४,००० व्यक्तींसाठीं ती बांधलेली. पण १९६५ च्या सुमारास तेथें ६,००० हून अधिक लहानमोठीं माणसें कोंडल्यासारखीं राहत होतीं. त्या वर्षीं सेनेटर रॉबर्ट केनेडी यांनीं ती संस्था पाहिली, आणि तिला सापांनीं भरलेल्या खड्ड्याची उपमा दिली. मुलें उघडींवाघडीं, घाणींत पडलेलीं. आणि एकेका सेवकाच्या गळ्यांत डझनावारी जीव बांधलेले. एवढेंच नव्हे, तर १९५६ पासून कित्येक वर्षें तेथील मुलांना संशोधनासाठीं काविळीच्या रोगाची जाणूनबुजून लागण केली जात होती.

आतां ध्यानांत घ्या, कीं या संस्थेंत पदवीधर नव्हते असें नाहीं. डॉक्टर होते, परिचारिका होत्या, संशोधक तर नामांकित होते. त्यांतील बहुतेक जण दुष्टही नसावेत. प्रत्येक जण आपल्या वांट्याचें काम करी आणि संध्याकाळीं घरीं जाई. उणीव होती ती, हें असें कां चालावें, असें उभें राहून विचारणाऱ्याची. तो विचारणाराही अखेरीस त्यांच्यांतूनच निघाला. मायकेल विल्किन्स नांवाच्या एका तरुण डॉक्टरानें मुलांच्या आईबापांस एकत्र जमविण्यास आरंभ केला. त्याचें बक्षीस म्हणून त्याला नोकरीवरून काढण्यांत आलें. पण त्याच्यापाशीं एका इमारतीची किल्ली राहिली होती! १९७२ च्या जानेवारींत त्यानें गेराल्डो रिव्हेरा या वार्ताहरास कॅमेऱ्यासह आंत नेलें, आणि साऱ्या देशानें तें दृश्य आपल्या घरांत बसून पाहिलें. त्याच वर्षीं पालकांनीं न्यायालयाचें दार ठोठावलें. १९७५ सालीं न्यायालयापुढें सुधारणेचा करार झाला. आणि १९८७ सालीं ती संस्था कायमची बंद झाली. नेतृत्व म्हणतात तें हेंच. त्याला व्यासपीठ लागत नाहीं, हुद्दाही लागत नाहीं. परंतु असा एखादा विल्किन्स दैवयोगानें निपजेल म्हणून समाजानें वाट पाहत बसावें काय, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेंत या प्रश्नाचा विचार थोडा आधींच सुरू झाला होता. अध्यक्ष जॉन केनेडी यांची सख्खी बहीण रोझमेरी ही जन्मतः बुद्धीनें मंद होती. १९४१ सालीं तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि तिची उरलीसुरली शक्तीही गेली. अध्यक्षांनीं १९६१ सालीं या विषयासाठीं तज्ज्ञांचें एक मंडळ नेमलें; आणि ३१ ऑक्टोबर १९६३ रोजीं, मृत्यूच्या अवघ्या तीन आठवड्यांपूर्वीं, त्यांनीं एका कायद्यावर सही केली. या कायद्यामुळें विद्यापीठांना जोडून खास केंद्रें उघडण्याची सोय झाली. आज त्या देशाच्या प्रत्येक राज्यांत असें निदान एक तरी केंद्र आहे, आणि विकासात्मक अक्षमतेच्या क्षेत्रांतील नेतृत्वशिक्षणाचे वर्ग अशा केंद्रांतून व इतर विद्यापीठांतून चालतात.

या वर्गांची रचना पाहण्यासारखी आहे. साधारण एक वर्षाचा अभ्यासक्रम. दीर्घ मुदतीच्या विद्यार्थ्यास त्यांत निदान ३०० तास द्यावे लागतात. विद्यार्थी निरनिराळ्या शाखांचे: बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, आहारतज्ज्ञ, समाजसेवक, वाचा-उपचार व व्यायामोपचार करणारे. हे सर्व एकाच खोलींत, एकाच मुलाच्या प्रकृतीचा विचार करतात. याहून विशेष म्हणजे 'कुटुंब' हीही तेथें एक विद्याशाखा मानली आहे. अशा मुलांच्या आया, भावंडें आणि स्वतः अक्षमता असलेल्या व्यक्तीही विद्यार्थी म्हणून आणि शिक्षक म्हणूनही बसतात. ज्या आईनें वीस वर्षें रात्रीं जागविल्या, तिचें ज्ञान ग्रंथांतील ज्ञानाच्या शेजारीं मांडलें जातें. आपल्या पंडितांनाही यांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

नेतृत्वाचे जे गुण तेथें शिकवितात, त्यांचीं तीन वर्तुळें कल्पिलेलीं आहेत. पहिलें स्वतःचें, दुसरें सहकाऱ्यांचें व कुटुंबांचें, आणि तिसरें विस्तृत समाजाचें. तिन्ही वर्तुळें उदाहरणानें स्पष्ट करतों.

पहिलें वर्तुळ स्वतःचें. समजा, वसतिगृहांत पंचवीस वर्षांचा एक तरुण आहे. बुद्धि कमी, पण हात चालते. त्याला स्वतःच्या हातानें चहा करावयाचा आहे. सेवक म्हणतो, "नको रे बाबा, भाजशील." हें वाक्य प्रेमाचें आहे, पण तेंच वाक्य रोज दहा वेळां, तीस वर्षें ऐकलें म्हणजे माणसाचें काय होईल? रॉबर्ट पर्स्की यांनीं १९७२ सालीं असा विचार मांडला, कीं धोका पत्करण्यांतही माणसाची प्रतिष्ठा आहे, आणि अति जपणूक ती प्रतिष्ठा हिरावून घेते. नेता होणाऱ्यानें प्रथम आपल्याच मनाला विचारावें: मी 'नको' म्हणतों तें याच्या हितासाठीं, कीं माझ्या सोयीसाठीं? उत्तर मिळाल्यावर चहा करूं देण्याची सुरक्षित रीत शोधणें हें पुढचें काम. शेगडी ठेंगणी करतां येईल, भांडें मुठीचें देतां येईल, पहिले आठ दिवस जवळ उभें राहतां येईल.

दुसरें वर्तुळ सहकाऱ्यांचें. मेंदूचा पक्षाघात झालेल्या एका मुलाची आई चार तज्ज्ञांकडे जाते. एक सांगतो, पायांचे व्यायाम एक तास घ्या. दुसरा सांगतो, बोलण्याचा सराव एक तास. तिसरा हातांचा, चौथा अभ्यासाचा. प्रत्येकाचा सल्ला अगदीं योग्य. पण चौघांची बेरीज केली, तर त्या आईला स्वयंपाकाला, दुसऱ्या मुलाला आणि झोंपेला वेळ उरत नाहीं. आणि सर्व झालें नाहीं म्हणून अपराधी वाटतें तें तिलाच! या चौघांना एकत्र बसवून, या घराला झेपेल अशी एकच योजना करूं, असें म्हणणारा पांचवा माणूस लागतो. तो चौघांहून विद्वान असण्याची गरज नाहीं. तो त्या चौघांपैकींच एक असला तर उत्तमच.

तिसरें वर्तुळ समाजाचें. स्वीडनचे बेंग्ट निर्ये यांनीं १९६९ सालीं एक साधें तत्त्व सांगितलें. इतरांच्या दिवसाला, आठवड्याला आणि वर्षाला जशी लय असते, तशीच या व्यक्तींच्या जीवनालाही असावी. सकाळीं उठून कामावर जावें, सुटीला सुटी असावी, सणाला सण असावा. संध्याकाळीं सहा वाजतां निजावयाला लावूं नये. तत्त्व साधें, पण तें आचरणांत आणावयाचें तर सेवकांच्या पाळ्या बदलाव्या लागतात, पगार वाढवावे लागतात, नगरपालिकेशीं भांडावें लागतें. हें केवळ सद्भावनेनें होत नाहीं. त्याला जमाखर्च वाचतां आला पाहिजे, कायदा ठाऊक पाहिजे आणि विरोधकासही आपलेंसें करतां आलें पाहिजे. हीं सर्व शिकण्याचीं कौशल्यें आहेत, आणि म्हणूनच तीं शिकवितां येतात.

आतां आपल्याकडे वळूं. मुंबईंत वकील दांपत्यानें आपल्या मुलीसाठीं १९४४ सालीं शाळा काढली, आणि त्या एका मुलीच्या निमित्तानें असंख्य मुलांची सोय झाली. त्यानंतर महाराष्ट्रांत अशा संस्था बऱ्याच निघाल्या. त्यांतील कितीतरी आईबापांच्या तळमळीतून जन्मलेल्या आहेत. १९९२ च्या कायद्यानें पुनर्वसनाचें काम करणाऱ्या व्यावसायिकांची नोंदणी व त्यांच्या शिक्षणाचा दर्जा पाहणारी परिषद नेमली. १९९९ सालीं स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविध अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठीं राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. आणि २०१६ च्या कायद्यानें २१ प्रकारच्या अक्षमता मानून, या व्यक्ति कायद्यापुढें इतरांच्या बरोबरीच्या आहेत असें घोषित केलें. कायदा बोलला, हें चांगलें झालें. पण कायद्याचा शब्द सकाळच्या न्याहारीपर्यंत पोंचवावयाचा कोणी?

परवाना माणसाचें कसब सांगतो, पुढारीपण सांगत नाहीं. शिवाय आपल्या संस्थांचें एक वैशिष्ट्य आहे. एखाद्या थोर स्त्रीनें किंवा पुरुषानें सर्वस्व वेंचून संस्था उभारावी, सर्वांनीं त्यांच्याकडे पाहावें, आणि त्यांच्या माघारीं संस्थेनें हळूहळू पोरकें व्हावें. अशा मुलांच्या प्रत्येक आईबापाच्या उशाशीं रात्रंदिवस एकच प्रश्न बसलेला असतो: आमच्यामागें याचें कसें होईल? ज्या संस्थेच्या भरंवशावर त्यांनीं मूल सोंपवावें, त्या संस्थेलाच जर 'संस्थापकांच्या मागें काय' याचें उत्तर ठाऊक नसेल, तर त्या आईबापांनीं डोळे कसे मिटावे? दुसऱ्या फळीचे लोक वेळेवर तयार करणें, सेवकाला शिक्षक, शिक्षकाला चालक होण्याची वाट मोकळी ठेवणें, हें म्हणूनच शोभेचें काम नव्हे. या मुलांच्या भवितव्याचा तो विमा आहे.

कोणी म्हणेल, असल्या वर्गांतून प्रमाणपत्रें भिंतीवर लावणारे आणि सभांतून बोलणारे तेवढे वाढतील. ही भीति अगदींच खोटी नाहीं. पुढारीपणाची विद्या दुधारी आहे. परंतु तिची कसोटीही हातांशींच आहे. ज्यांच्यासाठीं हें सारें चाललें आहे, त्यांना विचारावें. १९७४ सालीं अमेरिकेच्या ओरेगन राज्यांत अशाच व्यक्तींनीं स्वतःची परिषद भरविली, आणि आम्हांला आधीं माणूस म्हणून ओळखा, अशी मागणी केली. ज्या पुढाऱ्याच्या कारकीर्दींत या व्यक्तींचा आवाज वाढतो, तो खरा पुढारी. ज्याच्या कारकीर्दींत त्याचा स्वतःचाच आवाज वाढतो, त्याचें शिक्षण वायां गेलें असें समजावें.

शेवटीं श्रोत्यांना एक विनंति. आपणांपैकीं पुष्कळ जण अशा संस्थांना भेटी देतां, देणग्या देतां. तेथें गेल्यावर मुलांनीं केलेल्या पणत्या व आकाशकंदील अवश्य पाहा. पण चार प्रश्नही विचारा. येथें राहणाऱ्यांपैकीं कोणी आज काय जेवावें तें स्वतः ठरविलें काय? कार्यकारी मंडळांत पालक आणि या व्यक्ति स्वतः बसतात काय? एखाद्या सेवकानें तक्रार केली, तर ती ऐकून पुढें काय झालें? आणि आजच्या चालकांनंतर काम पाहण्यास कोण तयार होत आहे? या प्रश्नांचीं उत्तरें जेथें मोकळेपणानें मिळतील, तेथें आपली देणगी निःशंकपणें द्या. जेथें मिळणार नाहींत, तेथेंही देणगी द्या. मात्र ती इमारतीला न देतां, माणसें घडविण्यासाठीं द्या.